गुंडीजवळची जागा

१ जानेवारी १९५६, रविवार

धर्माजी आला! बाजाराचा दिवस, दुकानात सहा गिऱ्हाइकं, आणि हा काठी टेकत दारात. सगळे उठून उभे राहिले. मीही उठलो, मापाची पट्टी गळ्यात तशीच. समोरच्या हॉटेलातून कुंडलिक ओरडला, "आलं का मेडलवालं पावणं! राव, च्या घेतल्याबिगर जायाचं न्हाई!"

दहा वर्षं मी इथं जुन्नरात या कुंडलिकाच्या समोर बसून मशीन चालवतो आहे. मला कधी अशी हाक मारून चहा पाठवला नाही.

धर्माजीनं पंच्यातून कोट काढला. म्हणाला, "सव्वीसला पुन्याला मेळावा हाय, सत्तारभाई. आपल्या पलटनीचा. जनरल येनार. कोट पोटावर बसंना, आन फिती पार इटल्यात. नव्या आनल्यात बगा. बिल्ले काडून पुन्ना लावून द्या. तुमच्याच हातानं."

तुमच्याच हातानं! दरसाल हेच म्हणतो. मेळाव्याचं बोलावणं दर्जीला येत नाही.

बिल्ले पाच. त्यातले चार माझ्याकडंही आहेत, पत्र्याच्या डबीत, गुंड्यांच्या खाली. तीन तारे आणि एक गोल. लढाईवर जाऊन आलेल्या प्रत्येकाला सरकारनं दिले. शिपायाला, न्हाव्याला, माझ्यासारख्या पलटणीच्या दर्जीला, सारखेच. पाचवा तेवढा शौर्याचा. चांदीची एक गोल चकती. तेवढाच फरक. पण त्या चकतीपायी निमगाव साव्यात शाळेचा झेंडा तो लावतो, मामलेदार आला तर खुर्ची त्याच्या शेजारी, आणि माझ्या दुकानात मलाच उठून उभं राहावं लागतं.

२ जानेवारी

कोट खुंटीला टांगला आहे. वर जुनं कापड टाकलं. तरी दिसतो.

४ जानेवारी

पोटावर दोन इंच सोडावे लागणार. त्याला वरच्यानं दिलं, सरकारनं दिलं, आणि आता शिवणीत जागा मी करून द्यायची!

आम्ही दोघंही निमगाव साव्याचे. शाळा एकच, मी सहा-सात वर्षांनी मोठा. सन चाळीसला मराठा पलटणीत एकाच दिवशी गेलो. तो शिपाई म्हणून, मी दर्जी म्हणून. माझं वय जास्त आणि छाती कमी भरली. साहेब म्हणाला, सुई चालवतोस ना, मग चल.

त्यानं केलं ते खरं केलं. मी डोळ्यांनी पाहिलं. खोटं असतं तर किती बरं झालं असतं! खोट्या माणसाचा हेवा करावा लागत नाही.

सन पंचेचाळीसचा एप्रिल. इटलीतली ती नदी आमच्या कुकडीएवढीच, पण दोन्ही काठांना घराएवढे उंच बांध. पलीकडच्या बांधात जर्मनांच्या मशीनगनी. आमची पहिली तुकडी पाण्यातच कापली गेली. धर्माजी एकटा वर चढला. पोटावर सरपटत गेला, हातगोळे टाकून पहिली गन बंद केली. मग दुसरीकडं गेला. ती बंद झाली तेव्हाच त्याच्या तोंडापाशी काहीतरी फुटलं. तो पडला. पण वाट मोकळी झाली होती, पलटण पार झाली. त्या दिवशी त्यानं निदान शंभर आयांची पोरं वाचवली.

हे झालं त्याचं.

त्या दिवशी माणसं कमी पडली म्हणून आम्हा दर्जी-न्हाव्यांना पाण्याचे डबे देऊन अलीकडच्या बांधापर्यंत आणलं होतं. मी तिथून पाहत होतो. तो हलत होता. कुणी त्याच्याकडं वळेना, सगळ्यांना पुढं जायची घाई. मी डबा टाकला आणि पाण्यात उतरलो. कशाला उतरलो ते मला आजही सांगता येत नाही. गोळ्या चालूच होत्या. त्याला पाठीवर घेतला आणि तसाच अलीकडं आणला. डावा डोळा गेला होता. जबड्याचं मांस सुटून खाली लोंबत होतं, रक्त थांबेना. डॉक्टर दोन मैल मागं. टोपीच्या काठात सुई खोचून ठेवायची माझी सवय. खाकी दोरा खिशात होता. बिस्मिल्ला म्हटलं आणि शिवला. अकरा टाके. माणसाचं कातडं मी कधी शिवलं नव्हतं. ते कापडासारखं स्वस्थ राहत नाही.

डॉक्टरसाहेबांनी पट्टी उघडून पाहिली. "किसने सिया?" मी म्हटलं, "मैंने, साब. दर्जी." त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं. "अच्छा हाथ है." बस. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच तंबूवर गोळा पडला, त्यांना जखमी म्हणून मागं नेलं. आमचा कप्तान तर नदीवरच गेला. मग लिहिणार कोण!

मेडलचा कागद सगळ्या पलटणीपुढं वाचला होता. मला तोंडपाठ आहे. शेवटची ओळ अशी — जबर जखमी असताही आपल्या पायांनी परत येऊन खबर दिली. आपल्या पायांनी! ते पाय माझ्या कमरेवर आपटत होते.

५ जानेवारी

साबेरा, माझी बायको, कोटाकडं बघून म्हणाली, "मुँह में दही जमाके बैठे क्या? बोलो ना उसको."

नाही सांगणार. तो बेशुद्ध होता, त्याला ठाऊक नसेल. सांगणं म्हणजे मागणं. आणि मागून मिळालेला मान म्हणजे मापाविना शिवलेला सदरा. अंगावर बसत नाही.

६ जानेवारी, जुम्मा

मौलवीसाहेब आज हसदवर बोलले. दुसऱ्याचं बरं पाहून जळणारा माणूस खरं तर वाटणी करणाऱ्यावरच तक्रार करतो, म्हणाले. मी मान खाली घातली. माझ्या तक्रारीला अकरा वर्षं होत आली. रोज पाच वेळा समोर उभा राहतो आणि एकदाही तोंड उघडून म्हणत नाही की या अल्ला, तू चुकलास. पण मनात तेच असतं.

९ जानेवारी

कोट अंगात घालून पाहिला नाही. खोटं कशाला लिहू, एक बाही घातली. बाही बरोबर आली.

१४ जानेवारी

संक्रांत. धर्माजी आणि साळुबाई, त्याची बायको, तिळगूळ घेऊन आले. कोट घालून बघायचाच होता. साबेरानं त्यांना आत बसवलं. समोरून कुंडलिकही आला, मेडलवाल्याचा तिळगूळ खायला.

त्यानंच विषय काढला. "धर्माजीराव, ही जबड्यावरची खूण लई सरळ हाय बगा. जनू मशीन मारलंय."

साळुबाई फुशारकीनं म्हणाली, "मंग! मिलिट्रीतल्या मोठ्या डागदरानं शिवलं ते. इलायतेचा डागदर व्हता!"

मी टाचण्या तोंडात धरून उभा. धर्माजीकडं पाहिलं. त्याचा एक डोळा नाही, दुसऱ्यात मोतीबिंदू. तो डोळा माझ्याकडं वळला आणि परत गेला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. बोट मात्र जबड्यावरून फिरवलं.

"घ्या सत्तारभाई, तिळगूळ घ्या, ग्वाड बोला," साळुबाई म्हणाली.

मी घेतला. गोड बोललो.

१७ जानेवारी

केलं. आज दुपारी केलं. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच म्हणेन की हात चुकला.

बिल्ल्यांची रांग डाव्या छातीवर लागते. शौर्याचा बिल्ला पहिला, गुंडीजवळ. मग तारे. सगळ्यांना मिळालेला गोल बिल्ला शेवटी, बगलेकडं. पलटणीतल्या कच्च्या रंगरुटालाही हे कळतं. गावात कुणाला कळत नाही. इथं चकाकलं की झालं.

मी पहिला आणि शेवटचा बदलले. गुंडीजवळ सगळ्यांचा बिल्ला, आणि त्याचं शौर्य बगलेखाली. फिती नीट ओवल्या, टाके बारीक घातले. काम इतकं सुबक झालं की पाहत राहिलो.

धर्माजीला नीट दिसत नाही. तो बोटानं चाचपतो. दोन्ही टोकांना गोलच, मध्ये तारे. त्याला कळणार नाही. साळुबाईला कळणार नाही. कळेल फक्त त्याला, ज्याच्यापुढं तो छाती काढून उभा राहणार आहे. जनरल हसेल. म्हणेल, या मेडलवाल्याला स्वतःचं मेडल कुठं लावायचं ते ठाऊक नाही!

१८ जानेवारी

असरच्या नमाजेत मोजणं विसरलो. तीन रकात झाल्या की चार?

२० जानेवारी, जुम्मा

कोट घेऊन गेला. पोटावर छान बसला. उभा राहून त्यानं छातीवरून बोट फिरवलं. गोल, तारा, तारा, तारा, गोल. "बराबर," म्हणाला. मग माझा हात चाचपून धरला. काही बोलणार असं वाटलं. तेवढ्यात दारात कुंडलिक — "राव, च्या निवतुया!" हात सोडून गेला.

जुम्म्याला गेलो नाही. मशीन बिघडली होती असं साबेराला सांगितलं. मशीन चांगली आहे.

२३ जानेवारी

मुलाणी आळीतल्या एका लग्नाचे कपडे आले आहेत. सहा सदरे, तीन पायजमे. हात चालत नाही. सारखा तो डोळ्यांसमोर येतो, रांगेत ताठ उभा, बगलेखाली शौर्य लोंबतं आहे.

वाटलं होतं, गंमत वाटेल.

२५ जानेवारी

राहवलं नाही. सुई-दोरा घेऊन सकाळच्या एस.टी.नं निमगावला गेलो. दोन टाके उसवायचे, दोन घालायचे. पाव तासाचं काम. काय सांगायचं तेही ठरवलं होतं, फीत आखूड पडली होती म्हणून आलो.

साळुबाई अंगणात मूग पाखडत होती. "आवं, काल सांजच्यालाच ग्येले की! मंचरला पावन्याकडं ऱ्हानार, आन आज तितनं पुन्याला. बसा, भाकरी खाऊन जावा."

बसलो. भाकरी, मेथी, लसणाची चटणी. ती म्हणाली, "न्हेमी म्हन्त्यात, सत्तारभाईसारखा हात न्हाई. मी म्हनलं पुन्यात शिंप्यांची पेठ हाय, तितं द्या कोट. तर म्हन्ले, न्हाई. त्यो कोट त्येंच्याच हाताखालून जायाला पायजे. का ते सांगत न्हाईत."

भाकरी अर्धी ठेवली. पाणी मागितलं.

२६ जानेवारी

या वेळी तो रांगेत असेल.

२९ जानेवारी, रविवार

धर्माजी आला. बाजार भरलेला, तरी म्हणाला, "आत बसू, सत्तारभाई." कुंडलिकानं हाक मारली तर त्याला हातानंच थांबवलं. हे कधी झालं नव्हतं. मी समजलो. आज माझा हिशेब होणार.

आतल्या खोलीत खाटेवर बसला. कोट मांडीवर, घडी घातलेला. साबेरा चहा ठेवायला गेली.

"जनरल म्होरं गेला," तो म्हणाला. "त्येच्या मागनं एक साहेब आला आन माझ्या म्होरं थांबला. नीट दिसत न्हवता, पन आवाज वळखला. आपला डाक्टर साहेब! आता लई मोठा झालाय. म्हनला, जवान, मेडल गलत जगह लगा है. सारी रांग हसली."

"मग?"

"म्या म्हनलं, साब, आँख नहीं है. रातीला कोट घड्याळाच्या खुंटीला अडाकला, एक फीत सुटली, म्याच लावली पुन्ना. तुमचा हात कवा चुकत न्हाई, सत्तारभाई. माझीच बोटं लागली असतील कुठंतरी."

त्याला वाटत होतं, चूक त्याचीच.

"मंग साहेबानं माझ्या जबड्याला हात लावला," तो म्हणाला आणि थांबला. "म्हनला, ये तो वो दर्जी का काम है. जिसने तुझे नदी से निकाला. कहाँ है वो?"

चुलीजवळ साबेराचा हात थांबला.

"मला तवाच ठावं व्हतं, सत्तारभाई. इस्पितळात डाक्टरनं सांगितलं व्हतं, त्यो बी जखमी हून तितंच पडला व्हता. पाठीवर घेतलं त्ये बी, शिवलं त्ये बी. पन तोवर कागद ग्येला व्हता. आपल्या पायांनी परतला, असं कुनी लिव्हलं त्ये द्येवाला ठावं. पैलं म्हनलं, सांगू. मंग मेडल आलं. मंग गावानं मिरवनूक काडली. मंग सांगायला तोंडच ऱ्हायलं न्हाई. दरसाल तुमच्याकडं कोट आनतो. म्हनतो, औंदा सांगीन. तर हितं समदी उबी ऱ्हात्यात, च्या येतो, आन..."

"साहेबाला काय सांगितलंस?"

"मागं जनरल हुबा. समदी पलटन आयकतीया. कागदात 'आपल्या पायांनी'. खरं सांगायला जीभच वळंना." मान खाली घालून म्हणाला, "म्या म्हनलं, मर गया, साब."

मी हातातली कात्री खाली ठेवली.

"साहेबानं टोपी काडली, सत्तारभाई. त्या रांगेत. म्हनला, घर में कौन है? म्हनलं, बेवा है, जुन्नर में. नाव लिव्हून घेतलं त्येनं."

साबेरा चुलीपासून म्हणाली, "मेरा नाम?"

मी रागावणार होतो. अकरा वर्षं साठवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. पण बाहेर पडलं ते दुसरंच. म्हटलं, "धर्माजी, तुझी बोटं लागली नाहीत. बिल्ले मी बदलले. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. तुझं हसं व्हावं म्हणून."

चहाला उकळी आली, उतू गेला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतो आहे. हसत होता! "म्या तुमाला मारलं, आन तुमी माझं मेडल बगलंत घातलं. फिटंफाट म्हना!"

मी हसलो नाही. फिटंफाट कशी? तो जिवंत आहे.

जाताना म्हणाला, "साहेबाला चिट्टी लिवा. खरं काय त्ये समदं लिवा. म्या सही करतो. काय व्हायाचं त्ये हू द्या."

कोट पुन्हा इथंच ठेवून गेला. बिल्ले नीट लावायचे म्हणून.

३० जानेवारी

बिल्ले नीट लावले.

खरं लिहितो. जळणं गेलं नाही. डॉक्टरसाहेबांनी भर रांगेत टोपी काढली ती कुणासाठी? माझ्यासाठी. आणि ती पाहिली कुणी? त्यानं!

२ फेब्रुवारी

चिठ्ठी लिहायला बसलो. 'साहेब, मी सत्तार दर्जी, जिवंत आहे.' पुढं जाईना. पुढं लिहायचं तर धर्माजी जनरलपुढं खोटं बोलला हे लिहावं लागतं. मग कागदातली ती ओळ निघेल. एक ओळ खोटी म्हटल्यावर कचेरीतला माणूस बाकीच्या ओळींवरही पेन्सिल फिरवील. दोन गनी त्यानं एकट्यानं बंद केल्या, ते पाहणारे किती उरले? मी आहे. पण मी तर दर्जी.

न लिहावं, तर मी मेलेलाच.

साबेरा म्हणते, "लिखो. ग्यारा साल उसने मजा ली." मग थोड्या वेळानं म्हणाली, "लेकिन उसका मेडल गया तो साळुबाई का क्या?"

चिठ्ठी मशीनच्या फळीखाली ठेवली. तीन ओळी.

५ फेब्रुवारी, रविवार

धर्माजी आला. सगळे उभे राहिले. मी मशीनवर बसून राहिलो. तो दाराशी थांबून विचारतो, "लिवली?" म्हटलं, "अजून नाही." म्हणाला, "मी हाये. कवा बी सांगा." कुंडलिकानं विचारलं, "काय लिवायचंय ओ मेडलवाल्याचं?"

मी म्हटलं, "माप."

१८ फेब्रुवारी

टपाल आलं. पलटणीचं, मराठीतलं. पाकिटावर साबेराचं नाव, खाली 'मरहूम सत्तार दर्जी यांची बेवा'. आत टाईप केलेलं एक पान. जनरलची सही. मी काय केलं ते सगळं लिहिलं आहे, आणि शेवटी, अशा माणसाची पलटण कायम ऋणी राहील. मी चष्मा लावून तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा तिनंच वाचायला लावलं.

पोच मागितली आहे. फळीखालची चिठ्ठी काढून चुलीत घातली आणि साबेराच्या नावानं पोच लिहिली. ती अंगठा द्यायला तयार नव्हती, समोर बसलेल्याची बेवा कशी होऊ म्हणाली. शेवटी दिला. पत्र मिळाले, आभारी आहे, एवढंच लिहिणार होतो. पण खाली थोडी जागा उरली, तिथं एक ओळ घातली — माझे मालक धर्माजीचे नाव नेहमी मानानेच घेत.